जंगलवारीची प्रथमोपचार पिशवी : नोंद चौथी

मागच्या नोंदीत पिशवी दोन किलोंच्या वर गेली होती. या महिन्यात ९०० ग्रॅमवर आणली. मलमांच्या तीन ट्यूबा, गोळ्यांची जास्तीची पाकिटं आणि सर्पदंशाचा चोखणी पंप काढला. त्या पंपाने विष निघत नाही, जखमेभोवतीच्या मांसाला मात्र इजा होते. त्याहून वाईट म्हणजे तो काढून लावण्यात वेळ जातो.

त्या जागी तीन क्रेप बँडेज आणि घडीचा स्प्लिंट (पाय हलू नये म्हणून बांधायचा आधार) आला. रामटेकजवळ खिंडसीच्या काठावर पक्षी पाहायला गेलो, तेव्हा साप चावल्यावर हे कसं बांधायचं याचा भाच्याच्या पायावर सराव केला. पहिल्यांदा सात मिनिटं लागली, परवा तीन. घाईत माझ्या हातून पट्टी आवळली जाते. म्हणून आता खाली एक बोट सरकतं का पाहतो, मग त्याच्या पायाचं नख दाबून सोडतो. गुलाबी रंग लगेच परतला पाहिजे. दंशाच्या वर दोरी किंवा रुमाल करकचून बांधायची सवय गावोगाव आहे, ती सोडायलाच हवी. घोणस चावलेल्या पायाचं रक्त असं अडवलं तर पायच गमवावा लागू शकतो. पाय मोडल्यासारखा स्थिर ठेवायचा, बूट, जोडवी, पैंजण काढायचे आणि माणसाला एक पाऊलही चालू द्यायचं नाही.

साप शोधत बसू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष देतात. मला खरी धास्ती मण्यारीची. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. मुक्कामाला मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणं हा आता आमच्या गटाचा नियम आहे.

निघण्याआधी वाटेवरच्या रुग्णालयात फोन करून प्रतिविष आहे का विचारतो आणि नाव, नंबर कागदावर लिहितो. जंगलात रेंज असतेच असं नाही. १०८ त्याच कागदावर.

मे महिन्यासाठी ओआरएसची चार पाकिटं आहेत, एक पाकीट एक लिटर पाण्यात. ऊन लागून माणूस बरळायला लागला तर मात्र तोंडात काही घालायचं नाही. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ लावायचा.

राहिलंय ते उचलून नेणं. दोन बांबू आणि चादरीच्या स्ट्रेचरवर चौघांनी भाच्याला शंभर पावलं नेलं, तर दोनदा खाली ठेवावं लागलं. पुढच्या रविवारी सहा जण येणार आहेत.