बाहेरच्या खोलीतले दिवे बदलताना

आमच्या वडगावच्या घरात बाहेरच्या खोलीत बैठक घातलेली असते आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथे बसून गिऱ्हाइकांना साड्या दाखवतात. घराची दुरुस्ती झाली तेव्हा या खोलीला पीओपीचे छत करून त्यात सहा स्पॉटलाइट आणि कोपऱ्यातल्या देवघरावर आणखी दोन बसवले होते. ते सगळे ५० वॅटचे हॅलोजन होते. गेल्या श्रावणात त्यांतले दोन एका आठवड्यात गेले, आणि गौरी-गणपतीच्या आधी साड्यांची खरी विचारणा सुरू होते तेव्हाच खोली अंधारी दिसू लागली.

दिवा बदलणे ही दहा मिनिटांची गोष्ट आहे, अशा समजुतीने मी जुना दिवा पिशवीत घालून बाजारात गेले. तसा हॅलोजन आता मिळत नाही, असे एका दुकानात सांगितले गेले आणि त्याच आकाराचे, तशाच दोन पिनांचे, ७ वॅटचे एलईडी दिवे मला देण्यात आले. घरी आणून बसवले तर दोन्ही दिवे फडफडू लागले. क्षणभर पेटायचे, विझायचे, पुन्हा पेटायचे. त्यांचा प्रकाश पांढराफटक निळसर होता आणि त्याखाली आत्यांनी उलगडलेली मरून साडी विटकरी दिसत होती. आत्या म्हणाल्या, "अंजिरी कुठली आणि मरून कुठली हे मलाच कळेना झालंय, गिऱ्हाईक काय बघून घेणार?" या एका वाक्यामुळे माझा शोध खऱ्या अर्थाने सुरू झाला, कारण आमच्या घरात दिव्याचे काम वाट दाखवण्याचे नसून रंग दाखवण्याचे आहे.

आमच्या गल्लीतल्या वायरमनकाकांना बोलावले. ते म्हणाले, "आधी वर काय हाय ते बगूया की, मग पेठेत जावा." मेन स्विच बंद करून ते शिडीवर चढले आणि दिव्याची कडी स्प्रिंगा दाबून खाली ओढली. तेव्हा छताच्या वर प्रत्येक दिव्यासाठी एक छोटी चपटी पेटी दिसली. तो इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर होता. घरातली २३० व्होल्टची वीज तो सुमारे १२ व्होल्टवर उतरवतो, आणि त्याच्या पाठीवर २० ते ६० वॅट असे लिहिलेले होते. फडफडण्याचे कारण त्या आकड्यांतच होते. ५० वॅटचा हॅलोजन त्या मर्यादेत बसत होता, परंतु ७ वॅटचा एलईडी २० वॅटच्या खूप खाली राहतो. एवढ्या कमी भारावर असा ट्रान्सफॉर्मर सलग चालू राहू शकत नाही, तो बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. दिव्यात दोष नव्हता, आणि त्या जागी कितीही महागाचा १२ व्होल्टचा एलईडी आणला असता तरी तो नीट चाललाच असता, अशी खात्री देता आली नसती.

याच वेळी मला पिनांमधला फरक नीट समजला. आमच्या दिव्याला दोन बारीक सरळ पिना होत्या आणि त्यांच्यामधले अंतर ५.३ मिलिमीटर होते, म्हणून दिव्याच्या त्या बुडाला जीयू ५.३ म्हणतात. हा १२ व्होल्टचा प्रकार आहे. दुसरा जीयू १० हा थेट २३० व्होल्टवर चालतो. त्याच्या पिना १० मिलिमीटर अंतरावर असतात, त्यांची टोके जाड असतात आणि दिवा आत घालून थोडा फिरवला की अडकतो. दोन्हींचे तोंड साधारण ५० मिलिमीटरच असल्यामुळे समोरून पाहणाऱ्याला ते सारखेच वाटतात. दुकानात जाण्याआधी दिव्याची मागची बाजू आणि छतावरची पेटी या दोन्हींचे फोटो काढून न्यावेत, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

बाहेरच्या खोलीत आम्ही सहाही ट्रान्सफॉर्मर काढून जीयू १० घेण्याचे ठरवले. मी फक्त होल्डर बदलायला सांगितले होते, पण काकांनी ते ऐकले नाही आणि त्यांचे बरोबर होते. जुन्या धातूच्या कड्या १२ व्होल्टसाठी केलेल्या होत्या, त्यांना अर्थिंगची वायर जोडायची सोय नव्हती. तिथे २३० व्होल्ट आणले आणि एखादी वायर सैल होऊन कडीला लागली, तर शिडीवरच्या माणसाच्या जिवावर बेतेल. म्हणून कड्यांसह सगळे नवे घेतले आणि अर्थिंगची तिसरी वायर ओढली. देवघरावरच्या दोन दिव्यांसाठी मात्र छत उकरावे लागले असते, तेव्हा तिथे १२ व्होल्टच राहू दिले आणि जुन्या पेट्यांच्या जागी एलईडीसाठीचा, किमान भाराची अट नसलेला एक ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारी पेटी, लावला.

त्यानंतर रंगाचा प्रश्न आला आणि त्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. खोक्यावर केल्विनमध्ये लिहिलेला आकडा प्रकाश पिवळसर आहे की निळसर एवढेच सांगतो. २७०० किंवा ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा उबदार, ६५०० म्हणजे ढगाळ दुपारसारखा. वस्तूचा रंग किती खरा दिसेल हे सांगणारा आकडा वेगळा असतो, त्याला सीआरआय म्हणतात. हॅलोजनचा सीआरआय जवळजवळ १०० असतो, म्हणूनच इतकी वर्षे आत्यांना कधी अडचण आली नव्हती. साध्या एलईडीचा ८०च्या आसपास असतो. शिवाय हा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्याचे मोजमाप आर ९ या नावाने वेगळे दिले जाते आणि स्वस्त एलईडीत नेमका तोच कमी पडतो. मरून, कुंकवाचा लाल, डाळिंबी हे आमच्या साड्यांचे मुख्य रंग या एका उणिवेमुळे मेल्यासारखे दिसतात.

मी सीआरआय ९०च्या वरचे, ३००० आणि ४००० केल्विनचे एकेक, आणि तुलनेसाठी ८०चा एक, असे तीन दिवे आणले. दुपारी दाराशी उन्हाच्या उजेडात आत्यांनी चार साड्या पाहून ठेवल्या आणि रात्री ट्यूबलाइट बंद करून त्याच साड्या एकेका दिव्याखाली उलगडल्या. ८०च्या दिव्याखाली मरून पुन्हा मळकट झाला. ३००० केल्विनला लाल रंग फुलले, पण निळा आणि मोरपंखी थोडे दबले. ४०००ला चारही साड्या दाराशी दिसल्या होत्या तशाच दिसल्या. आत्यांनी ४०००वर बोट ठेवले आणि देवघरासाठी ३००० मागितला, कारण समईच्या शेजारी तोच शोभतो. त्यांच्या डोळ्यांवर माझा कोणत्याही खोक्यापेक्षा अधिक विश्वास आहे.

प्रकाशाच्या झोताचा कोनही पाहावा लागला. आमचे छत ९ फुटांवर आहे. बैठकीच्या पाटापासून दिवा सुमारे दोन मीटर वर धरला, तर २४ अंशांच्या झोताचे वर्तुळ ८५ सेंटिमीटरचे पडते, ३६ अंशांचे १.३ मीटरचे आणि ६० अंशांचे २.३ मीटरचे. साडीचा पदर पूर्ण उजेडात यावा आणि कडेला काळी सावली राहू नये म्हणून ६० अंशांचे घेतले.

विजेचा हिशोब सरळ आहे. आठ हॅलोजन रोज चार तास चालले तर महिन्याला ४८ युनिट होत, आता ५ वॅटच्या आठ दिव्यांना ५ युनिटही लागत नाहीत. गृहज्योती या सरकारच्या मोफत वीज योजनेची २०० युनिटची मर्यादा सांभाळणाऱ्या घराला हा फरक मोठा आहे, आणि पावसात वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरही आता बैठक चालू ठेवता येते.

सहाही दिवे एकाच कंपनीचे, एकाच खेपेतले घेतले, कारण आकडा तोच असूनही दोन खेपांच्या रंगात फरक पडतो. प्रत्येकावर आयएस १६१०२ हे एलईडी दिव्यांचे भारतीय मानक आणि 'आर'पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक तपासला. सातवा दिवा खोक्यासह साड्यांच्या कपाटात ठेवला आहे आणि स्विचबोर्डाशेजारच्या भिंतीवर आत्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: जीयू १०, २३० व्होल्ट, ५ वॅट, ४०००, सीआरआय ९०, ६० अंश.