व्हिटबीच्या जळवा आणि नारोशंकराची घंटा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर व्हिटबी नावाचे मच्छीमारांचे जुने गाव आहे. मी राहते त्या लीड्सहून ते गाडीने दोन तासांच्या आत गाठता येते. समुद्र, टेकडीवरच्या मठाचे भग्नावशेष आणि तळलेले मासे यांसाठी लोक तिथे गर्दी करतात. मला मात्र त्या गावाची ओढ लागली ती पॅनेट पार्क या बागेतील लहानशा संग्रहालयामुळे, आणि त्यातही तेथील एका विलक्षण यंत्रामुळे.

बारा काचेच्या बाटल्या वर्तुळाकार मांडलेल्या, त्यांच्या वर मधोमध एक घंटा आणि घंटेभोवती बारीक हातोड्या, असे त्याचे रूप आहे. एकूण घाट पाहताच आपल्याकडील देवळाची आठवण होते आणि ती योग्यच आहे, कारण यंत्राच्या या नक्षीदार आवृत्तीसाठी भारतीय मंदिरांच्या रचनेपासूनच प्रेरणा घेतली गेली होती. जॉर्ज मेरीवेदर हे व्हिटबीतील डॉक्टर आणि याच संग्रहालयाचे मानद अभिरक्षक. वादळाची आगाऊ सूचना मिळावी म्हणून त्यांनी हे यंत्र घडवले आणि १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात ते मांडले गेले. प्रत्येक बाटलीत दीड इंच पावसाचे पाणी आणि त्यात एक जिवंत जळू असे. वादळापूर्वी हवा बदलली की जळू अस्वस्थ होऊन बाटलीच्या गळ्याशी चढते, तेथील नळीत बसवलेला व्हेलच्या अस्थिपट्टीचा तुकडा तिच्या धक्क्याने सरकतो, त्याला जोडलेली तार हलते आणि हातोडी घंटेवर पडते, अशी ती योजना होती. एखादा टोल पडला तर विशेष काही नाही. पण जितक्या अधिक जळवा वर चढतील, तितके वादळ निश्चित. बारा जळवांच्या या मंडळाला डॉक्टर आपली ज्यूरी म्हणत असत, आणि कोणाही जळूला एकांतवासाचे दुःख होऊ नये, त्यांना एकमेकी दिसत राहाव्यात, याची त्यांनी मुद्दाम काळजी घेतली होती. त्या बारीकसारीक विचारात मला एका सहृदय माणसाचे मन दिसते.

मूळ यंत्र आता अस्तित्वात नाही. मेरीवेदर यांच्या निबंधातील वर्णनावरून १९५१ च्या राष्ट्रीय महोत्सवासाठी बनवलेली प्रतिकृती व्हिटबीला मिळाली, आणि तीच आज आपण पाहतो. किनाऱ्यावरील बंदरांत आपली यंत्रे बसवावीत, असा आग्रह त्यांनी सरकारकडे धरला होता, पण तो मान्य झाला नाही. पुढे दहाच वर्षांनी, फेब्रुवारी १८६१ च्या वादळात, बुडत्या जहाजांच्या मदतीला पुन्हा पुन्हा समुद्रात उतरलेली व्हिटबीची जीवरक्षक नौका उलटली आणि तिच्यावरील तेरा जणांपैकी फक्त हेन्री फ्रीमन वाचले, कारण नव्या पद्धतीचे बुचाचे जाकीट एकट्या त्यांच्याच अंगात होते. ज्या गावाने असे दिवस पाहिले, त्या गावातील डॉक्टराला वादळाचा ध्यास लागावा, हे समजण्यासाठी व्हिटबीतच उभे राहायला हवे. हेच यंत्र लंडनच्या एखाद्या भव्य दालनात ठेवले असते, तर ती केवळ एक गमतीची वस्तू झाली असती.

हे संग्रहालय चालवणारी संस्था १८२३ साली गावकऱ्यांनी स्थापन केली आणि आजही तीच ते चालवते. तेथील जीवाश्मांत गुंडाळी मारलेल्या सापासारखे दिसणारे दगड आहेत. सातव्या शतकातील संत हिल्डा यांनी सापांचे दगड केले, अशी तिथली लोककथा आहे आणि कथेला पुरावा हवा म्हणून जुने विक्रेते त्या दगडांवर सापाचे डोके कोरून देत. आपल्या देवघरातील शाळिग्रामही याच कुळातील सागरी प्राण्यांचे जीवाश्म होत. तिथून जवळच एका माणसाचा वाळवलेला हात ठेवलेला आहे. घरातील माणसांना गाढ झोप लागावी म्हणून चोर असा हात वापरत, अशी समजूत होती. कॅसलटन गावातील एका जुन्या घराच्या भिंतीत तो जोसेफ फोर्ड या गवंड्यांना सापडला आणि १९३५ साली संग्रहालयाकडे आला. मला त्या हातापेक्षा या तपशिलाचे मोल अधिक वाटते. कोणत्या गावात, कोणत्या भिंतीत, कोणाला सापडला आणि केव्हा आला, एवढे लिहून ठेवले म्हणूनच तो हात एका मुलखाच्या भीतीचा पुरावा ठरतो.

यंत्राचे छायाचित्र नाशिकच्या पंचवटीतील मामांना पाठवले, तेव्हा त्यांचा लगेच फोन आला. “अगं, घंटा वाजून पाण्याची वर्दी मिळते, हे आपल्याला नवीन आहे का? नारोशंकराच्या घंटेला विसरलीस?” मामांचे म्हणणे अगदी खरे होते. गोदावरीचा पूर पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढला यावरून मोजायचा आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर समजायचा, हे प्रत्येक नाशिककर लहानपणीच शिकतो. १९६९ च्या पुराच्या गोष्टी मी मामांकडूनच ऐकल्या आहेत आणि २००८ साली सराफ बाजारात शिरलेले पाणी तर आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिले आहे.

त्या घंटेचा प्रवास मेरीवेदर यांच्या यंत्रापेक्षा कितीतरी मोठा आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि ती पोर्तुगीजांची आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चमधील घंटा विजयाच्या खुणा म्हणून मराठी मुलखात आल्या. त्यांतील एक वाईजवळ मेणवलीला आहे, एक भीमाशंकरला आहे आणि एक नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली रामकुंडाजवळ बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाच्या तटात, नदीकडे तोंड करून टांगलेली आहे. प्रार्थनेला बोलावण्यासाठी ओतलेली घंटा युद्धातील विजयाची खूण झाली, मग महादेवाच्या देवळाची झाली आणि शेवटी नदीकाठच्या लोकांनी तिला पुराचे माप केले. एवढ्या भूमिका पार पाडलेली वस्तू एखाद्या युरोपीय गावात असती, तर तिच्या प्रत्येक टप्प्याची नोंद शाळेतील मुलांपर्यंत पोहोचली असती. आपल्याकडे ती माहिती आहे, पण बहुतेक तोंडी आहे, आणि ती सांगणारी माणसे आता वयाने थकली आहेत.

नोंद झाली की काय घडते, याचे उत्तम उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप राजा नहपान याची. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. असे नाणे भिंगाखाली धरले की नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा चैत्य उमटलेला दिसतो आणि त्या ठशाच्या कडेने जुन्या राजाचे नाक किंवा केसांची एखादी बट अजूनही डोकावते. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राचे वर्णन नहपानाच्या क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा असे कोरवले आहे, आणि त्या शिलालेखाची साक्ष ही नाणी देतात. नाणी कोठे सापडली हे न लिहिता ती थेट मुशीत गेली असती, तर शिलालेख एकटा पडला असता. नाण्यांचा इतिहास जवळून पाहायचा असेल, तर त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरी येथे नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे. १९८० साली स्थापन झालेली ही संस्था अभ्यासकांना देशभर परिचित आहे. त्र्यंबकला जाणाऱ्या आपल्या गाड्या मात्र तिथे क्वचितच वळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नोंद ठेवण्याची सवय आपल्याला नाही, असे म्हणणे मात्र मला मान्य नाही. भांडी बाजारातून तांब्यापितळेचे भांडे घेतले की त्यावर नाव घालून घेतल्याशिवाय आपण दुकानाची पायरी उतरत नव्हतो. कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या तिथीला, हे सारे कोरलेले प्रत्येक घंगाळ म्हणजे संग्रहालयाची तयार नोंदच आहे. मामांनी या दिवाळीत माळ्यावरची भांडी खाली काढली, चिंचेने घासली आणि प्रत्येकावरील अक्षरे वहीत उतरवून घेतली. एका तपेल्यावर “वैशाख शके १८६९” अशी तिथी निघाली, म्हणजे ते स्वातंत्र्याच्या तीन-चार महिने आधीच्या लग्नातील. त्याच वहीत मामांनी मागील पानापासून दुसरी नोंद सुरू केली आहे. १९६९ साली आपल्या वाड्यात पाणी कितव्या पायरीपर्यंत आले होते, ते जुन्या नाशकातील आणि पंचवटीतील ओळखीच्या घरांतून विचारायचे आणि सांगणाऱ्याचे नाव, वय व वाड्याची जागा यांसह लिहायचे. आपल्या घरी कोणाला ते आठवत असेल, तर कृपया याच पद्धतीने लिहून ठेवावे आणि भांडी मोडीत देण्यापूर्वी त्यांवरील अक्षरांचे छायाचित्र घ्यावे. मी मार्चमध्ये नाशिकला येत आहे, तेव्हा मामांची वही घेऊन मी स्वतः त्या घरांत जाणार आहे.