तुम्ही विचारलेत म्हणून: सह्याद्रीच्या ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे?

सह्याद्री ज्वालामुखीच्या खडकाचा आहे हे शाळेत शिकलेले असल्यामुळे माझ्याबरोबर गड चढणारे लोक पहिल्याच विसाव्याला विचारतात की, मग त्या ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे. कोणी कळसूबाईकडे बोट दाखवतो, कोणी लोणारचे नाव घेतो. लोणारचे विवर उल्केच्या आघाताने पडलेले आहे, तेही आधीच थंड होऊन बसलेल्या बेसाल्टमध्ये. आणि 1646 मीटर उंचीची कळसूबाई हा ज्वालामुखीचा शंकू नसून झिजून उरलेला थरांचा ढीग आहे.

एकच तोंड शोधणे व्यर्थ आहे, कारण तसे ते नव्हतेच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वर येऊन आडवा पसरत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा. पुष्कळसा झिजून गेल्यावरही हा खडक आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरांवर आहे. पश्चिमेला तो जाड, पूर्वेकडे पातळ होत जातो: 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनछिद्रात बेसाल्ट साडेतीनशे मीटरांच्या आतच संपला आणि त्याखालचा कितीतरी जुना खडक लागला.

मला स्वतःला लाव्हापेक्षा दोन थरांमधल्या विश्रांतीचे अधिक कुतूहल वाटते. त्या काळात खडकाची माती झाली, तळी साचली, झाडे वाढली. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म मिळतात. घाटातल्या कड्यात दिसणारा तांबडा पट्टा म्हणजे पुढच्या लाव्हाने भाजून काढलेला असाच एक थर असतो. विहिरी खणणारे त्याला गेरू म्हणतात, सच्छिद्र ठिसूळ खडकाला मांजऱ्या आणि घट्ट खडकाला काळा पाषाण. काळ्या पाषाणाचे उभे कडे होतात आणि मांजऱ्याचे उतार, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. गड बांधणाऱ्यांना कडे आयतेच मिळाले. लेणी कोरणाऱ्यांनाही घट्ट, जाड थर हवा होता. भाजे आणि कार्ले इथले विस्तीर्ण चैत्यगृह किंवा वेरूळचे वरून खाली कोरत आणलेले कैलास मंदिर अशा खडकावाचून शक्य झाले नसते. जिथे दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपते, तिथे लेण्यांच्या भिंती आधी खचतात.

तरीही तोंडच पाहायचे असेल तर धुळे-नंदुरबारकडे जावे. तिथे माळरानावर काळ्या कातळाच्या अरुंद, सरळ भिंती मैलोगणती धावताना दिसतात. वर येणारा लाव्हा भेगेतच गोठला आणि पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेल्यामुळे तो उघडा पडला. मात्र अशा प्रत्येक भेगेतून लाव्हा पृष्ठभागापर्यंत पोहोचला होता असे समजू नये.