वेल्ह्याचा पावसाळी मुक्काम आणि तंबूवरची बुरशी

ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली, तेव्हा आम्ही चौघे तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला दोन रात्री मुक्कामाला गेलो. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाटा आणि तिथून मार्गासनीमार्गे वेल्हे हे अंतर साधारण ६५ किलोमीटर आहे. स्वारगेटहून एसटीनेही जाता येते. परंतु जुन्या बाजारातून घेतलेला आमचा सुती कॅनव्हासचा लष्करी तंबू कोरडा असतानाही दोघांनी मिळून उचलावा लागतो, म्हणून गाडी नेली. गडाचा भाग थोडक्यात सांगतो. रविवारी सकाळी चढलो, बिनी दरवाजातून शिरून मेंगाई देवीच्या मंदिरापर्यंत पोहोचलो आणि धुक्यामुळे झुंजार माचीचा नाद सोडून दुपारी उतरलो. पुढचे सारे लेखन तंबूविषयी आहे, कारण पावसाळ्यात कॅनव्हास घेऊन बाहेर पडणाऱ्यांना त्याचाच उपयोग होईल.

दोन्ही रात्री संततधार होती आणि तंबू गळला नाही. सुती कॅनव्हास भिजला की धागे फुगतात आणि विणीतली भोके बुजतात, मात्र आतून छताला हात किंवा पाठपिशवी टेकली की नेमके तिथूनच पाणी झिरपू लागते. माणसांच्या श्वासाची वाफही आतल्या बाजूला धरते, त्यामुळे पाऊस असला तरी समोरासमोरच्या दोन्ही झडपा वरच्या बाजूने थोड्या उघड्या ठेवाव्यात. तंबूचा खालचा काठ चिखलात लोळू देऊ नये. सुती धागा हे बुरशीचे अन्न आहेच, त्यात माती आणि पालापाचोळ्याची भर पडली की तिचे आणखी फावते.

चूक सोमवारी सकाळी झाली. ज्यांच्या खळ्यात आम्ही तंबू ठोकला होता, त्या घरातल्या आजींनी बजावले होते, "वलं गुंडाळू नगा, पडवीत दोरीवर टाका, सांजच्याला न्या." आम्हाला परतायची घाई होती. तंबू ओलाच गुंडाळून प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत बांधला आणि घरी आल्यावर तसाच गॅलरीत ठेवला. गुरुवारी सोडला तेव्हा आधी कुबट वास आला आणि मग दुहेरी शिवणीच्या कडेने मोहरीएवढे काळे ठिपके ओळीने उमटलेले दिसले. नखाने खरवडल्यावर वरची भुकटी निघाली, पण डाग धाग्याच्या आत गेलेला होता. दमट कापडावर बुरशी दिसायला दोन-तीन दिवस पुरतात आणि ती सुताचे तंतूच खाते, म्हणून दुर्लक्ष केल्यास पुढे तिथेच कापड फाटते.

तंबू आधी पूर्ण वाळवून मगच हात लावावा, कारण ओली बुरशी घासली तर ती पसरते आणि विणीत शिरते. आम्ही नाकाला मास्क लावून, गच्चीवर, घराच्या खिडक्यांपासून दूर, मऊ ब्रशने कोरडी भुकटी झटकली. त्यानंतर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार भाग पाणी असे मिश्रण आधी एका कोपऱ्यावर लावून पाहिले. रंग उतरला नाही, तेव्हा ते सगळ्या ठिपक्यांवर शिंपडून अर्धा तास ठेवले, हलक्या हाताने घासले आणि भरपूर साध्या पाण्याने धुऊन काढले. पितळी कड्यांवर व्हिनेगर राहू देऊ नये. ब्लीच मात्र कृपया वापरू नका; त्याने सुती धागा कमजोर होतो आणि कापडावरचा जलरोधक थरही जातो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, हे तर कधीच विसरू नये. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवण्याचा घरगुती उपाय पांढऱ्या कॅनव्हासला ठीक आहे, खाकी किंवा हिरव्या कापडाचा मात्र रंग उडतो. आमच्या तंबूवर फिकट करड्या खुणा राहिल्या आहेत. वास गेला आणि नवे ठिपके आले नाहीत, म्हणजे काम झाले, असे मी मानतो. खुणा घालवण्यासाठी घासत बसल्यास कापडच झिजेल.

वाळवण्यात सर्वांत जास्त वेळ जातो. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर पावसाची उघडीप मिळेपर्यंत दोन दोऱ्यांवर तंबू पसरून खाली पंखा लावावा आणि दर काही तासांनी घडी बदलावी. सपाट कापड वाळले तरी शिवणी, कडा आणि तणाव्यांच्या गाठी ओल्या राहतात. शिवण गालाला लावून पाहावी. गार लागली तर ओल आहे, असे समजावे. आम्हाला यासाठी पूर्ण तीन दिवस लागले.

धुतल्यावर कापडावर पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते मोत्यासारखे न राहता मुरले, तर तंबूला वॉटरप्रूफिंगचा द्रव पुन्हा लावावा लागतो. आमच्या खाकी पाठपिशवीला मेण चोळून हेअर ड्रायरने जिरवले, ते छान बसले. तंबूला मात्र मेण लावू नये, कारण त्याने कापडातून हवा खेळत नाही आणि ते लवकर पेटते.

पुण्यात पावसाळाभर हवा इतकी दमट असते की न वापरलेले कॅनव्हासही सादळते. प्लॅस्टिकची पिशवी टाळून जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळावे, भिंतीला न टेकवता फळीवर ठेवावे आणि जरा कडक ऊन पडले की बाहेर काढून दाखवावे. आम्ही दसऱ्यानंतरच्या कोरड्या उन्हात तंबू पुन्हा दिवसभर गच्चीवर उलटसुलट पसरला, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलला आणि मगच माळ्यावर चढवला.