फाउंड्रीतली माणसं आणि १९४१ चा संप

डेट्रॉईटच्या आसपास मराठी घरं बरीच आहेत आणि त्यातली कितीतरी गाड्यांच्या धंद्यावर चालतात. आमचंही त्यातलंच. भारतातून कुणी आलं की डिअरबॉर्नमधलं हेन्री फोर्डचं संग्रहालय आणि फोर्डचाच रूज हा अवाढव्य कारखाना दाखवणं ठरलेलं असतं. मी त्यात मिलर रोडची भर घालते. २६ मे १९३७ रोजी इथल्या चार नंबरच्या गेटजवळच्या पादचारी पुलावर गाडी-कामगारांच्या युनियनचे पुढारी वॉल्टर रूथर आणि त्यांचे सहकारी युनियनची पत्रकं वाटायला आले होते. फोर्डच्या ‘सर्व्हिस डिपार्टमेंट’च्या, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या सुरक्षा-फौजेच्या, गुंडांनी त्यांना बेदम मारलं, तेही वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांसमोर. अमेरिकन कामगारांच्या इतिहासात तो प्रसंग अजरामर झाला. पण त्या गेटच्या आत, फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या खात्यात, काम करणाऱ्या माणसांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

हेन्री फोर्डने कृष्णवर्णीय कामगारांना दारं उघडली होती, हे खरंच आहे. डेट्रॉईटमधल्या दुसऱ्या कुठल्याही गाडी-कारखान्यापेक्षा जास्त, १९४० च्या सुमारास एकट्या रूजमध्ये जवळपास दहा हजार. भरती बरीचशी चर्चमार्फत व्हायची. पाद्र्याची शिफारसचिठ्ठी असली की काम मिळे, त्यामुळे पाद्रीही फोर्डला बांधलेले. काहींना इथे कुशल कामंही मिळाली, जी त्या काळात दुसरीकडे स्वप्नातही मिळाली नसती. पण बहुतेकांच्या वाट्याला फाउंड्री आली: वितळलेलं लोखंड, धूर, धूळ, अंग भाजणारी उष्णता. आणि ज्या डिअरबॉर्नमध्ये ते राबत, तिथे त्यांना घर मिळत नसे. राहायला जायचं जवळच्या इंक्स्टर गावाला किंवा डेट्रॉईटच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत.

अशा माणसाला युनियनवाला येऊन ‘आपण सगळे कामगार एक’ म्हणाला, तर त्याने का विश्वास ठेवावा? अमेरिकेतल्या जुन्या कारागीर संघटनांचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. रेल्वेच्या मोठमोठ्या संघटनांच्या घटनेतच सभासद गोरा असावा अशी अट होती. गोऱ्यांच्या संपात मालक कृष्णवर्णीयांना आणून उभे करत, मग संपफोडे म्हणून त्यांनाच मार पडे, आणि संप मिटला की बाहेरही त्यांनाच काढलं जाई. त्यांच्या संशयाला कुणी मागासलेपणा म्हटलं की मला राग येतो. तो संशय अनुभवातून आलेला होता.

इथे मला आपल्या गिरण्या आठवतातच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण कांडी बदलताना धाग्याचं टोक धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटे. ही बंदी घालणारे मालक नव्हते, सोबतचे कामगार होते. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. आमच्यावरच्या बंदीबद्दल तुम्ही गप्प राहणार असाल, तर तुमच्या लढ्यात आम्ही का यावं, असा त्याचा रोख होता. रूजच्या फाउंड्रीतला माणूस बरोबर हेच विचारत होता.

१ एप्रिल १९४१ ला रूजमध्ये संप पेटला. हजारो कामगार बाहेर पडले, पण शेकडो कृष्णवर्णीय कामगार आतच राहिले. त्यातले काही मुद्दाम संप फोडण्यासाठी आणलेले होते. गेटवर हाणामाऱ्या झाल्या. गोरे बाहेर आणि काळे आत, असं चित्र दिसावं, एवढंच कंपनीला हवं होतं. एखादी दंगल झाली असती तर संप तिथेच संपला असता. तेव्हा एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वॉल्टर व्हाइट न्यूयॉर्कहून आले आणि ध्वनिक्षेपक लावलेल्या गाडीतून कारखान्याभोवती फिरून आतल्यांना बाहेर या म्हणून सांगू लागले. पाद्री चार्ल्स हिल आणि होरेस व्हाइट फोर्डची नाराजी पत्करून युनियनच्या बाजूने उभे राहिले. सगळे आतले बाहेर आले नाहीत. पण वारं फिरलं. दहा-बारा दिवसांत संप मिटला, कामगारांच्या वतीने कोणती युनियन बोलणार यावर मे महिन्यात मतदान झालं आणि युनाइटेड ऑटो वर्कर्स, म्हणजे यूएडब्ल्यू, मोठ्या फरकाने जिंकली.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते जूनमधलं. फोर्डशी करारावर बोलणी करणाऱ्या युनियनच्या समितीत शेल्टन टॅप्स हा फाउंड्रीतला कृष्णवर्णीय कामगार होता. वंश आणि वर्णावरून भेदभाव होणार नाही, असं कलम करारात यावं म्हणून त्याने आग्रह धरला आणि ते आणलं. सभेतलं आश्वासन कुणीही देतं, कागदावरच्या कलमावर तक्रार दाखल करता येते. पुढे टॅप्स लोकल ६०० चा, म्हणजे यूएडब्ल्यूच्या रूजमधल्या शाखेचा, सचिव झाला.

पण कलम आलं म्हणून शेजारच्या माणसाचं मन बदललं नाही. जून १९४३ मध्ये पॅकार्ड कारखान्यात, जिथे युद्धासाठी विमानांची इंजिनं बनत होती, तीन कृष्णवर्णीयांना बढती मिळाली म्हणून सुमारे पंचवीस हजार गोरे कामगार काम टाकून निघून गेले. हे सगळे यूएडब्ल्यूचेच सभासद! युनियनचे अध्यक्ष आर. जे. थॉमस यांनी स्वतःच्याच सभासदांविरुद्ध ठाम भूमिका घेतली आणि माघार घेतली नाही. त्यांचं मोठेपण मी मानते. त्याच महिन्यात डेट्रॉईटमध्ये दंगल उसळली, ३४ जण मेले, त्यातले २५ कृष्णवर्णीय.

रूथर १९४६ मध्ये यूएडब्ल्यूचे अध्यक्ष झाले. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत व्यासपीठावर होते. पण त्यांच्या युनियनच्या सर्वोच्च मंडळावर पहिला कृष्णवर्णीय, नेल्सन जॅक एडवर्ड्स, पोहोचला तो थेट १९६२ मध्ये, तोही युनियनमधलेच कृष्णवर्णीय कार्यकर्ते होरेस शेफील्ड आणि त्यांच्या साथीदारांनी अनेक वर्षं आतून दबाव आणल्यावर. कुशल कारागिरांच्या खात्यांत तेव्हाही बहुतेक गोरेच होते.

म्हणूनच १९६८ च्या मे महिन्यात हॅमट्रॅम्कच्या ‘डॉज मेन’ या क्रायस्लर कंपनीच्या कारखान्यात, युनियनला न विचारता झालेल्या संपानंतर जनरल बेकर (‘जनरल’ हे त्याचं नावच, हुद्दा नव्हे) आणि इतर कामगारांना कामावरून काढलं गेलं, तेव्हा तरुण कृष्णवर्णीय कामगारांनी ‘ड्रम’ (डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट) ही आपली वेगळी संघटना काढली. तिचा राग कंपनीवर होता तितकाच यूएडब्ल्यूवरही होता. इथले काही जुने युनियनवाले आजही म्हणतात की त्या पोरांनी कामगारांत फूट पाडली. मला ते पटत नाही. असेंब्ली लाइनवर बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि त्यांच्यावरचे फोरमन जवळजवळ सगळे गोरे, ही फूट ड्रमच्या आधीपासून होती. सत्तावीस वर्षांपूर्वी टॅप्सने करारात लिहवून घेतलेलं ते कारखान्याच्या फरशीवर दिसावं, एवढंच ते मागत होते.