आमची वाटचाल: सुटा भाग बदलण्यापासून सिग्नल मोजण्यापर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात स्टार्टर आणि अल्टरनेटरच्या दुरुस्तीपासून झाली. त्या कामात बिघाड डोळ्यांना दिसे किंवा नाकाला जाणवे: जळलेले वाइंडिंग, झिजलेले कार्बन ब्रश, काळा पडलेला कॉम्युटेटर. पुढे ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाड्या दारात येऊ लागल्या आणि ज्याला ना रंग होता ना वास, अशा बिघाडाशी आमची गाठ पडली.

ही यंत्रणा चारही चाकांच्या वेगांची सतत तुलना करते. इंजिनची ताकद मिळणारे चाक इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरू लागले, म्हणजेच जागच्या जागी घसरू लागले, की ती त्या चाकाला ब्रेक लावते किंवा इंजिनची ओढ कमी करते. मात्र वेग मोजण्यासाठी तिच्याकडे स्वतःचे वेगळे सेन्सर नसतात; जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणाऱ्या एबीएस यंत्रणेच्याच सेन्सरांवर तिचे काम चालते. म्हणूनच एका चाकाचा सिग्नल तुटला की डॅशबोर्डवर दोन-तीन दिवे एकदम लागतात आणि ग्राहक धास्तावतो. साधे ब्रेक सहसा चालूच असतात, हे त्याला आधी सांगावे लागते.

आम्ही गाडीच्या युनिटने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घेतला आणि त्यावर दिसणारा कोड म्हणजेच निदान, असे मानून काम करू लागलो. ‘सी००३५’ हा कोड पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरच्या सर्किटबद्दल असतो. आम्ही त्यातला ‘सेन्सर’ हा शब्द वाचत होतो आणि ‘सर्किट’ हा शब्द सोडून देत होतो. सेन्सर बदलायचा, कोड पुसायचा आणि गाडी द्यायची, ही पद्धत काही काळ खपून गेली, कारण जुना सेन्सर काढून नवा बसवताना कनेक्टर हलत असे आणि त्या हालचालीनेच ढिला संपर्क तात्पुरता जुळत असे.

एक गाडी मात्र तीनदा परत आली. पहिल्या वेळी आम्ही सेन्सर बदलला, दुसऱ्या वेळी कंट्रोल युनिटचा कनेक्टर साफ केला. तिसऱ्या वेळी ग्राहकाला शेजारी बसवून गाडी चालवली, तेव्हा दिवा फक्त उजवीकडे वळताना आणि तेही खडबडीत रस्त्यावर लागतो, हे लक्षात आले. खरे तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. मल्टिमीटरने दोन्ही वायरी तपासल्या, तर रोध अर्ध्या ओहमहून कमी भरला. मीटर तपासणीसाठी अगदी क्षीण प्रवाह सोडतो आणि त्याला तांब्याचा एक धागाही पुरतो. शिवाय ताशी ५० किलोमीटर वेगाने, सुमारे दोन मीटर परिघाचे चाक सेकंदाला सात फेरे घेते. चाकाबरोबर सेन्सरसमोरून फिरणाऱ्या चुंबकी रिंगवर ध्रुवांच्या ४८ जोड्या असतील, तर सेकंदाला सुमारे ३३० स्पंदने येतात. त्यांतली चार-पाच गळली, तर सेकंदातून मोजक्याच वेळा आकडा बदलणाऱ्या मीटरला ते कळत नाही.

तेव्हा आम्ही सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घेतला. गाडी जॅकवर चढवून स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवले, एकाने चाक हाताने फिरवले आणि दुसऱ्याने हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, इंचाइंचाने हलवत नेला. पडद्यावर चौकोनी लहरींची स्वच्छ रांग चालली होती. चाकाच्या कमानीतल्या रबरी क्लिपजवळ वायर दाबताच ती सपाट झाली. तिथले आवरण वरून अखंड होते, पण उभे चिरल्यावर आत हिरवी पूड आणि एकच शाबूत धागा मिळाला. ती जागा सोल्डर करून जोडण्याचा मोह आम्ही टाळला, कारण वाकणाऱ्या जागी सोल्डर केलेली वायर ताठ होते आणि जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटते; आम्ही कनेक्टरपर्यंतचा सगळा लवचीक तुकडा बदलला.

त्यानंतर जुन्या सवयी एकेक करून तपासून पाहाव्या लागल्या. गुंडाळीच्या जुन्या सेन्सरचा रोध मोजणे योग्यच आहे, पण वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या, दोन वायरींच्या सक्रिय सेन्सरवर ओहमचे मीटर लावण्याला अर्थ नसतो. तो ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन प्रवाहांतून बोलतो. चुंबकी रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच असल्याने बेअरिंग उलटे बसवले की सेन्सर आणि वायर दोन्ही ठणठणीत असूनही सिग्नल येत नाही. रिंगची बाजू ओळखण्यासाठी आम्ही चुंबकी रेषा दाखवणारे पातळ कार्ड वापरतो. गाडीतील युनिट्सना जोडणाऱ्या कॅन वाहिनीबाबतही आधी पुरवठा बंद करून तिच्या दोन तारांमधला रोध पाहतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असल्यास तो ६० ओहमच्या आसपास यावा. १२० दिसले, तर एका टोकाचा रोधक किंवा तिथपर्यंतची तार तुटली आहे.

आता निदानाचे शुल्क आम्ही दुरुस्तीपासून वेगळे आकारतो. यावरून काही ग्राहक दुरावले, हे मान्य करायला हवे. तरीही जॉब कार्डावर किमान दोन मोजमापे नोंदवल्याशिवाय सुटा भाग मागवला जात नाही.

काढून टाकलेले सेन्सर आम्ही एका खोक्यात साठवले होते. ऑसिलोस्कोप आल्यावर एका संध्याकाळी १२ व्होल्टची बॅटरी, १०० ओहमचा रोधक आणि हाताने फिरवायची चुंबकी रिंग घेऊन त्यातला एकेक तपासायला बसलो. रोधकावर ०.७ आणि १.४ व्होल्टच्या पायऱ्या उमटत गेल्या. बहुतेक सेन्सर निर्दोष होते. ज्या ग्राहकांच्या नोंदी सापडल्या, त्यांना सेन्सरचे पैसे परत केले. ते खोके अजून टेबलाखाली आहे आणि नवा मुलगा कामावर आला की पहिल्या दिवशी त्याला तेच तपासायला देतो.