पट्टीवरचं पाणी : आमची वाटचाल

आम्ही लोकांना नदीत राफ्टिंगला नेतो. सुरुवातीला आमच्याकडे चौदा फुटी दोन सेल्फ-बेलिंग राफ्ट (आत आलेलं पाणी आपोआप बाहेर काढणाऱ्या, हवा भरायच्या होड्या), एक पंप आणि वीस पॅडल होती. आज राफ्ट नऊ आहेत. मधली बरीच वर्षं सुरळीत गेली. ज्या एका हंगामात आमचा धंदा बंदच पडायची वेळ आली, त्याबद्दल मात्र लिहायलाच हवं.

हायपालॉन म्हणजे राफ्टच्या कापडावरचं कृत्रिम रबर; मूळ कंपनीने २०१० मध्ये ते बनवणं थांबवलं. आम्ही पुढे पीव्हीसी या प्लास्टिकच्या राफ्टकडे वळलो आणि एकदम चार राफ्ट घेतल्या. पुरवठादाराने सांगितलं, शिवणी वेल्ड केलेल्या, म्हणजे उष्णतेने वितळवून जोडलेल्या आहेत. निघाल्या चिकटवलेल्या. उन्हात आतली हवा तापते, दाब वाढतो आणि सगळा ताण शिवणीवर येतो. तिसऱ्या आठवड्यात दोन राफ्टच्या तळाच्या शिवणी वीतवीतभर उकलल्या. फोटो, पावत्या सगळं पाठवलं; भरपाई आली नाही. याचा राग अजून गेलेला नाही. पीव्हीसी वाईट नाही, पण विकत घेण्याआधी शिवणीच्या कडेला नख घालून बघा आणि वेल्डिंगचं लेखी घ्या.

त्या राफ्ट आम्हीच दुरुस्त केल्या. ठिगळ फाटीपेक्षा चहूबाजूंनी किमान दोन इंच मोठं आणि त्याचे कोपरे गोल, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. दोन्ही बाजू घासून सॉल्व्हंटने पुसायच्या, हार्डनर (ग्लू घट्ट करणारं रसायन) घातलेल्या ग्लूचे पातळ हात द्यायचे, रोलरने मधून कडेकडे हवा काढायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. हवा दमट असेल तर हे काम काढूच नका. आम्ही घाईत काढलं आणि पुन्हा करावं लागलं.

हवा भरतानाही घाई नको. आधी सगळे कप्पे अर्धे, मग फेरीफेरीने पूर्ण. एकच कप्पा ताठ केला तर मधला पडदा ताणून फाटतो. ट्यूबमध्ये दोन-अडीच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे, पण बनवणाऱ्याने दिलेला आकडा अखेरचा. थंड पाण्यात दाब उतरतो, म्हणून राफ्ट पाण्यात टाकल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा तपासा. काठावर उन्हात थांबलात तर थोडी हवा सोडा.

त्याच हंगामात आमच्याच घाटावर दुसरा व्यावसायिक आला. आम्ही एका राफ्टमध्ये सहा जण आणि गाइड घ्यायचो; तो दहा जण बसवायचा. आमचे दोन गाइड तिकडे गेले. पाणी घाटावरच्या पातळी मोजायच्या पट्टीवरच्या लाल खुणेवर गेलं की आम्ही सफर रद्द करून पैसे परत द्यायचो, आणि तीच माणसं आमच्यासमोर त्याच्या राफ्टमध्ये चढायची. आम्हाला भित्रे म्हटलं गेलं. पण नदीचा प्रवाह क्युमेकमध्ये मोजतात, आणि एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर, जवळपास एक टन पाणी. वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. एडी, म्हणजे खडकामागचे संथ, उलटे फिरणारे पाण्याचे भाग, वाहून जातात, राफ्टला थांबायला जागा उरत नाही आणि काठावरची झाडं पाण्यात येतात. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. नेहमीचा तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे मध्यम अवघड रॅपिड (खळाळता टप्पा) त्या दिवशी तिसऱ्या श्रेणीचा राहत नाही. कमी पाणीही सोपं नसतं : राफ्ट खडकाला लपेटते, आणि पडलेला माणूस उभा राहायला गेला की पाय कपारीत अडकतो. म्हणून पडलात तर पाठीवर, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही.

तेव्हा आम्हाला तारलं एका शिक्षिकेने. दर वर्षी त्या बारा जणांचा गट आणतात. त्या वर्षी आम्ही त्यांची सफर दोनदा रद्द केली, तरी त्या तिसऱ्यांदा आल्या. त्यांची यादी इतरांनीही वापरावी : प्रत्येकाचं वजन, छातीचं माप, पोहता येतं का, दमा किंवा खांद्याची जुनी दुखापत, पायात पट्ट्याचे किंवा लेसचे बूट. छातीच्या मापाशिवाय लाइफ जॅकेट नीट निवडता येत नाही. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते हनुवटीशी आलं तर पट्टे सैल आहेत.

आणखी थोडं सांगतो. एकट्या राफ्टने निघू नका, दोन हव्यात. गाडी आधीच सफर संपते त्या ठिकाणी लावा आणि किल्ली ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) कॅराबिनरने, म्हणजे उघडझाप होणाऱ्या कडीने अडकवा. थ्रो बॅगची (पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या दोरीच्या पिशवीची) दोरी पंधरा ते वीस मीटर हवी. ती वेटोळं करून भरू नका, मुठीमुठीने कोंबा, नाहीतर फेकताना गुंता होतो. पॅडलच्या टी-ग्रिपवरचा (वरच्या टी आकाराच्या मुठीवरचा) हात सोडू नका, शेजाऱ्याचे दात त्यानेच जातात. वळणापलीकडचं दिसत नसेल तर काठाला लागून चालत जाऊन बघा.

यंदाही बाईंची यादी आली आहे. बारा नावं, बारा वजनं आणि तळाशी नेहमीचा प्रश्न : पट्टीवर पाणी किती?